नुसती क्लच प्लेट की पूर्ण सेट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. गिअर पडत नाही म्हणजे क्लच प्लेट गेली हे उघड असताना मी तपासणीचं लांबण लावतो. आणि नुसत्या प्लेटवर भागत असताना पूर्ण सेट (क्लच प्लेट, तिला इंजिनच्या फ्लायव्हील या जड चाकावर दाबणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग) टाकायला सांगून लोकांना खर्चात पाडतो. तुम्ही फक्त प्लेट बदललीत, गाडी उत्तम चालते, निघताना जराशी थरथरते एवढंच.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. प्लेट झिजली की क्लच घसरतो. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र रेंगाळते. गिअर न पडणं ही बरोबर उलटी तक्रार. तिथे पेडल दाबूनही क्लच नीट सुटतच नसतो, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही, म्हणून रिव्हर्स टाकताना खरखर होते. जुन्या गाडीत याचं कारण पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडतं: ताणलेली केबल, किंवा पेडलचा दाब द्रवातून क्लचपर्यंत नेणारी हायड्रॉलिक रचना असेल तर गळका मास्टर (पेडलकडचा) किंवा स्लेव्ह (क्लचकडचा) सिलिंडर, लाइनमध्ये शिरलेली हवा. पेडल दोन-तीनदा भरभर मारल्यावर गिअर पडत असेल तर आधी हायड्रॉलिककडे बघा. स्लेव्ह सिलिंडर बाहेर असेल तर त्याचं रबरी बूट बोटाने उचला. आत ओलं लागलं तर गळती तिथेच आहे, आणि ती गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होते. (काही गाड्यांत हा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, रिलीज बेअरिंगसोबतच असतो; तिथे उतरवणं टळत नाही.) अशा गाडीत आधीच प्लेट बदलली तर पैसे जातात आणि गिअर तरीही पडत नाही.

आता सेटचं. क्लचच्या कामात खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवण्याची असते. प्लेट झिजेपर्यंत प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही तितकंच चाललेलं असतं. डायफ्रॅमच्या, म्हणजे प्रेशर प्लेटच्या चपट्या स्प्रिंगच्या, बोटांची टोकं बघा, बेअरिंग घासून तिथे चकचकीत खाच पडलेली दिसते. बेअरिंग हातात धरून फिरवलं की खरखर बोटांना कळते. ते महिनाभरात ओरडायला लागलं तर सगळं पुन्हा उतरवायचं. प्रेशर प्लेट अलीकडेच बदललेली आणि साफ असेल, तर नुसती प्लेट टाकायला माझी काहीच हरकत नाही.

सेटपेक्षाही मला काळजी वाटते ती ऑइल सीलची (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी), कारण त्याच्याबद्दल कोणी विचारतच नाही. जुनी प्लेट तेलकट निघाली तर तेल इंजिनच्या क्रँकच्या मागच्या सीलमधून आलं की गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, हे शोधल्याशिवाय नवी प्लेट बसवूच नये. प्लेटवरच्या लायनिंगने (घर्षणाच्या थराने) तेल प्यायलं की नवी प्लेटसुद्धा घसरते नाहीतर धक्के देते.

म्हणूनच तुमच्या गाडीची थरथर मी सोडून देणार नाही. आधी इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग तपासा, त्यासाठी काही उतरवावं लागत नाही. ते ठीक असतील तर तेल, किंवा फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवरचे तापून निळे पडलेले डाग, असा माझा संशय आहे. प्लेट बदलताना फ्लायव्हीलचा पृष्ठभाग कसा होता, भेगा किंवा डाग दिसले होते का, आणि जुनी प्लेट कोरडी होती की तेलकट, एवढं गॅरेजमध्ये विचारून मला कळवा.