अंगणवाडीत शिकवतात तरी काय?

दादा, अंगणवाडीवरच्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि झोप. आमच्याकडची नर्सरीची पोरं शंभरपर्यंत आकडे म्हणतात. फुकटच्या गोष्टीचं कौतुक पुरे," असं तुम्ही लिहिलंत.

तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे. आमच्याही अंगणवाडीत कितीतरी दिवस शिकवणं होतच नाही. ताईंनी मुलांची वजनं घ्यायची, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर माहिती भरायची, गरोदर बायांच्या घरी जायचं, लसीकरणाला नर्सबाईंसोबत बसायचं. मदतनीस आली नाही तर चूलही त्यांच्याच गळ्यात. मागच्या लेखात मी हे लिहिलं नाही, ते चुकलंच.

पण आकड्यांचं म्हणाल तर माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला शंभरपर्यंत येत नाही. पाच चिंचोके माग, पाचच आणून देते; त्यातले दोन उचलले की ओरडते, "तीनच राहिले!" शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा नर्सरीत जातो. शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो, पण सात चिंचोके मागितले तर मूठभर देतो. पोर हुशार आहे. त्याला म्हणायला शिकवलं, मोजायला कुणी बसवलंच नाही. संध्याकाळी तो गृहपाठाची पानं भरत बसतो तेव्हा माझा जीव तुटतो. त्या बोटांना अजून माती हवी, मणी हवेत.

आणि 'फुकटची' म्हणू नका. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं, तेव्हा गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येईनात. म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे १९७५ मध्ये अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, त्यात आहारही आला. ३ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज किती उष्मांक आणि प्रथिनं मिळावीत, याचा नियम आहे. सकाळी नुसता चहा पिऊन आलेल्या मुलासाठी ती खिचडी काय असते, ते मी रोज बघते. शिक्षण हक्क कायद्याचा हक्क तर सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधी या मुलांना दुसरं दार कुठलं?

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आमच्या गावात एकच अंगणवाडी. पटावर बावीस मुलं होती, आता अकरा. जी नर्सरीत गेली त्यांचे आईवडील ग्रामसभेत बोलणारे होते. उरलेल्यांचे मजुरीला जातात. अंगणवाडी उशिरा उघडली तर विचारायला ते कधी येणार? शहरात चार शाळा असतात, एक बिघडली तर दुसरी. इथे आपण पाय काढला की मागे उरलेल्यांचीच अंगणवाडी बिघडते.

म्हणून आम्ही चौघी आया आता शनिवारी आळीपाळीने जातो. एक गोष्ट सांगते, एक गाणी घेते, तेवढ्यात ताई रजिस्टरं उरकतात. ग्रामसभेत खेळण्यांसाठी पैसेही मागितले आहेत.

तुमच्या गावची अंगणवाडी किती वाजता उघडते, एकदा जाऊन बघा. बंद दिसली तर कळवा. पर्यवेक्षिकेकडे अर्ज कसा द्यायचा ते मी लिहून पाठवते.