बोटुकली सोडली, पण कुणाची?

परवा पुन्हा तसाच फोटो आला. काठावर रांगेने उभे पाहुणे, हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणि खाली 'अमुक लाख मत्स्यबीज सोडले'. पूर्वी मीही असे फोटो लाइक करायचो. मग एकदा अशाच कार्यक्रमाला गेलो आणि सहज विचारलं, "या पिल्लांचे आईबाप कुठल्या नदीतले?" पिशवी धरलेल्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बोटुकल्यांची कुंडली मागितली. "मत्स्यबीज केंद्रातले," एवढंच म्हणाला आणि पिशवी ओतली.

त्या माणसाला काय बोलणार? माझं भांडण त्या 'अमुक लाखां'शी आहे. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे लाखांनी अंडी देते. मूठभर माद्या आणि तेवढेच नर असले तरी अख्खा जलाशय भरता येतो. गुरांचं तसं नाही, कळप आटला की डोळ्यांना दिसतो. इथे पाणी पिल्लांनी खदखदत असतं आणि ती सगळी सख्खी-सावत्र भावंडं.

पुढच्या पिढीच्या जनुकांपुरते खरे किती मासे धरायचे, त्याचा हिशेब सोपा आहे. समजा केंद्रात 100 माद्या आणि फक्त 2 नर आहेत. नर गुणिले माद्या गुणिले 4, भागिले एकूण मासे. 800 भागिले 102, म्हणजे जेमतेम 8. दिसायला 102, जनुकांच्या हिशेबात 8. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात चार-पाच नरांचं वीर्य एकाच भांड्यात घेऊन अंड्यांवर ओततात, तेव्हा वाटतं सगळ्यांना सारखा वाटा मिळाला. पण एखाद्याचेच शुक्राणू चपळ निघतात आणि बहुतेक पिल्लं त्याचीच होतात. त्यात जे मासे आधी पिकतात, म्हणजे प्रजननाला तयार होतात, तेच आधी वापरले जातात. उशिरा पिकणारे मागे राहतात, म्हणजे उशिरा आलेल्या पावसाला जुळणारी जनुकंही मागे राहतात.

नील्स रायमन आणि लिंडा लाइक्रे या संशोधकांनी 1991 मध्येच दाखवून दिलं की थोड्या आईबापांची भरमसाट पिल्लं रानटी माशांत मिसळली, तर माशांची संख्या वाढूनही एकूण जनुकीय पाया आकसू शकतो. तीस वर्षं उलटून गेली. फोटो मात्र तसेच येतात.

समुद्रात मासा कुठूनही कुठे जातो. नदी-तळ्यात मधे डोंगर येतो, धबधबा येतो, आता धरणंही येतात. त्यामुळे एकाच जातीत ओढ्याओढ्याला वेगळी घराणी तयार होतात. अलास्कातल्या ब्रिस्टल उपसागराला मिळणाऱ्या नद्यांतला सॉकाय सामन हा मासा घ्या. तो वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला आपापल्या गोड्या पाण्यात परततो. तळ्याच्या काठाशी अंडी घालणाऱ्या नरांच्या पाठीवर मोठं कुबड असतं. उथळ ओढ्यात तेच कुबड पाण्याबाहेर येतं आणि अस्वलाला आयतं सापडतं, म्हणून ओढ्यातले नर सडपातळ. जात एकच, पण अंगकाठीचे हे दोन नमुने अस्वलांनी आणि पाण्याच्या खोलीने घडवले.

तिथे अशी शेकडो घराणी आहेत. एका वर्षी एकाला पाणी मानवत नाही, तेव्हा दुसऱ्याला मानवतं. पन्नास वर्षांच्या नोंदी तपासून संशोधक डॅनियल शिंडलर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडलं की ही सगळी एकाच साच्यातली असती, तर मासेमारी बंद ठेवायची वेळ दसपट वेळा आली असती. ज्यांना 'जनुकीय विविधता' हे शब्द वर्गातले वाटतात, त्यांनी हा आकडा कोळ्याच्या नजरेने वाचावा.

बरं, केंद्रातली पिल्लं नदीत गेली की रुळतील, असं आपण गृहीत धरतो. अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या हूड नदीत स्टीलहेड ट्राउट या माशावर झालेलं संशोधन 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. बंदिस्त वाढवलेल्या दर पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घसरत होती. टाकीत जगायला शिकलेला मासा टाकीचाच होत जातो.

कुणी म्हणेल, मग जनुकं गोठवून ठेवा की! नराचं वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं, ते करायलाच हवं. पण माशाचं अंडं मोठं, बलकाने भरलेलं. ते गोठवून पुन्हा जिवंत करण्याची नेहमीच्या वापरात आणता येईल अशी पद्धत अजून नाही. म्हणजे बापाची बाजू सिलिंडरमध्ये, आईची बाजू मात्र नदीतच.

बंद तळ्यात भरपूर पीक देणारा मासा वाढवायला माझा अजिबात विरोध नाही. लोकांना मासे हवेत. प्रश्न आहे वाहत्या पाण्यात काय ओततो त्याचा. तिथे त्याच नदीतले आईबाप, भरपूर जोड्या, प्रत्येक जोडीची अंडी वेगळी आणि कुणाची पिल्लं किती सोडली त्याची वही, एवढं तरी हवं.

आणि ज्यांना फक्त उत्पादनाचीच भाषा कळते, त्यांच्यासाठी जयंती रोहू. भारत आणि नॉर्वेच्या संशोधकांनी 1990 च्या दशकात निवडपद्धतीने, म्हणजे दर पिढीत चांगले मासे निवडून त्यांचीच पैदास करत, घडवलेला हा जलद वाढणारा वाण. त्यासाठी संशोधन संस्थेच्या तळ्यातले रोहू पुरले नाहीत. गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा आणि सतलज, पाच नद्यांमधून मासे आणावे लागले.