पीक कमी, तण फार

मराठीत ‘पीक’ शेतात येतं, विज्ञानात ते (इंग्रजी peak, म्हणजे शिखर) आलेखावर येतं. तण उपटायचं काम दोन्हीकडे आपल्याच गळ्यात. आलेख समोर धरला तर लहान मूलही बोट ठेवून दाखवेल, हे एक, ते दुसरं. तेच यंत्राला समजावायला बसलं की लक्षात येतं, शिखर म्हणजे काय हे आपल्याला दिसतं, पण सांगता येत नाही.

सगळ्यात भाबडी व्याख्या म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा उंच तो बिंदू शिखर. निव्वळ नॉइजमध्ये, म्हणजे काहीच खरं नसलेल्या यादृच्छिक चढउतारात, लागोपाठच्या तीन बिंदूंतला मधला सर्वांत उंच असण्याची शक्यता एक तृतीयांश. म्हणजे 10,000 बिंदूंच्या ओसाड माळावर सुमारे 3,333 शिखरं. बंपर पीक!

मग कुंपण घालायचं. नॉइजच्या सिग्माच्या (त्याच्या पसरटपणाच्या मापाच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या) तिप्पट उंचीवर थ्रेशोल्ड, त्याखालचं काही धरायचं नाही. पण सिग्मा काढायचा कशावरून? अख्ख्या आलेखाचं प्रमाण विचलन घेतलं तर खरी शिखरंच ते फुगवतात, कुंपण वर सरकतं आणि बारकी शिखरं बाहेर राहतात. त्यापेक्षा बेसलाइन (शिखरांखालची जमीन) वजा करून, प्रत्येक बिंदू मध्यकापासून (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या किमतीपासून) किती लांब ते पाहावं, त्या अंतरांचा पुन्हा मध्यक घ्यावा आणि सिग्माच्या मापात आणायला 1.4826 ने गुणावं. चार दांडगी शिखरं असली तरी हा आकडा फारसा बधत नाही. एवढं करूनही नॉइजचे 0.135 टक्के बिंदू तीन सिग्माच्या वर उडी मारतातच, 10,000 मध्ये तेरा-चौदा. पाच सिग्मा लावले तर तण जवळजवळ साफ, पण त्याच नांगराखाली चार सिग्माचं खरं शिखरही जातं. गॅमा स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या ऊर्जेचे किती गॅमा किरण मोजले, त्या आलेखात) तर नॉइज एका जागी बसतच नाही, तो मोजणीच्या वर्गमुळाएवढा असतो. 100 मोजणीला तो 10 असतो, 10,000 ला 100. तिथे एकाच उंचीचं कुंपण घालणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार.

आता स्मूदिंग, म्हणजे आलेखाचे दाते घासून काढणं. हा उपाय सगळ्यांना आवडतो, कारण आलेख लगेच गुळगुळीत आणि देखणा दिसतो. 25 बिंदूंची सरकती सरासरी घेतली की नॉइज पाचपट घटतो. वा! पण शिखर पाचच बिंदू रुंद आणि चौकोनी असेल, तर तेही 25 बिंदूंत वाटलं जाऊन पाचपट बुटकं होतं. नॉइजही एक पंचमांश, शिखरही एक पंचमांश. मिळवलं काय, तर देखणेपणा. सॅवित्स्की आणि गोले यांनी 1964 साली दिलेली रीत बरी. विषम संख्येची खिडकी घ्यायची, तिच्यात दुसऱ्या-तिसऱ्या घाताची बहुपदी बसवायची, मधल्या बिंदूला तिची किंमत द्यायची आणि पुढे सरकायचं. खिडकी शिखराच्या अर्ध्या उंचीवरच्या रुंदीएवढी ठेवली तर उंची बरीचशी टिकते. हाव धरून ती वाढवली की टोकदार शिखराच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडतात.

पायथन भाषेतल्या सायपाय या संचातलं शिखरं शोधणारं फंक्शन सज्जन आहे. उंची, अंतर, रुंदी, प्रॉमिनन्स, सांगाल ते ऐकतं. त्यातलं प्रॉमिनन्स मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. शिखर समुद्रसपाटीपासून किती उंच ते सोडून, आजूबाजूच्या खिंडीपासून किती वर उठलंय ते ते पाहतं, त्यामुळे तिरप्या बेसलाइनला फसत नाही. अंतराचा मात्र खोडा आहे. ते सेकंदांत नसून नमुन्यांत असतं. सेकंदाला 250 नमुन्यांच्या ईसीजीत 200 मिलिसेकंद अंतर हवं तर 50 लिहायचं. घाईत 200 लिहिलं की ते 0.8 सेकंद होतं, आणि मिनिटाला 100 ठोके देणारं धडधाकट हृदय कागदावर निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. फंक्शन चूक दाखवत नाही. त्याला सांगितलं ते त्याने केलं.

रामन स्पेक्ट्रममध्ये (पदार्थाने विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या आलेखात) अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणाचा काटा सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत खोटा. उंचीत पास, प्रॉमिनन्समध्ये पहिला, सापडतो फक्त रुंदीत, कारण तो एखाद-दोन पिक्सेलचाच असतो. त्याला स्मूदिंगच्या आधी उपटावं. नंतर तो पसरून सभ्य शिखरासारखा दिसू लागतो. आणि सारख्या उंचीची आणि रुंदीची दोन गाउसियन (घंटेच्या आकाराची) शिखरं त्यांच्या स्वतःच्या दोन सिग्मांपेक्षा जवळ आली तर त्यांचं टोकच एक होतं. तिथे थ्रेशोल्ड कितीही हलवा, वक्र बसवण्यावाचून सुटका नाही.

सगळं जमलंसं वाटलं की एक खोडसाळ चाचणी करावी. बेसलाइन काढलेला आलेख उणे एकने गुणून उलटा करायचा आणि तेच थ्रेशोल्ड, तेच अंतर, तीच रुंदी लावून पुन्हा शोधायचं. खरी शिखरं आता जमिनीखाली गेलेली असतात, म्हणून नॉइज वर-खाली सारखाच असेल तर जे उगवेल ते सगळं तण, नाहीतर स्मूदिंगचे खड्डे. सुलट्यात 40 सापडली आणि उलट्यात 31, तर अहवालाच्या मथळ्यातला 40 आकडा तूर्त पेन्सिलीने लिहावा.