वेअरवुल्फ आला म्हणून पुरावा बाद होत नाही

नमस्कार काका,

इंदूरमध्ये घडणाऱ्या माझ्या क्रमशः डिटेक्टिव्ह कथेबद्दल तुमचं म्हणणं असं की अशा कथेत वेअरवुल्फ, म्हणजे लांडग्याचं रूप घेणारा माणूस, घुसवला की वाचकाने सुगावे जुळवायचे तरी कशाला, शेवटी लेखक काहीही दाखवणार. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, त्यात अमानवी शक्तींना बंदी आहे, याचीही तुम्ही आठवण करून दिलीत. शिवाय सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या इंदूरकरांत हा विलायती प्राणी शोभत नाही, असंही लिहिलंत.

ती बंदी मी जाणूनबुजून मोडली. पण डिटेक्टिव्हच्या हाती लागलेला सुगावा वाचकापासून लपवायचा नाही, हेही नॉक्सच्याच यादीत आहे आणि माझ्या लेखी तो नियम मोठा. शेवटच्या प्रकरणात लांडग्याला अचानक नवी शक्ती फुटते, अशा कथांची मलाही चीड आहे.

वेअरवुल्फ भुतासारखा मोकाट नसतो, काका. त्याला चंद्र बांधतो, चांदी बांधते, अंगावरची जखम बांधते. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मधली गोष्ट घ्या. लांडगा मेंढ्यांवर पडतो, एक गडी त्याच्या मानेत भाला खुपसतो. इकडे घरी येऊन बघावं तर ओळखीचा शिपाई अंथरुणावर पडलाय आणि वैद्य त्याच्या मानेवर उपचार करतोय. जखमेवरून माणूस ओळखणं हे तपासाचंच काम नाही का? ही जात तेव्हापासून पुराव्यावरच पकडली जाते.

आता माझी कथा. पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंत, चंद्र उगवला की रूप पालटतं, हे पहिल्याच भागात सांगितलंय. पाचव्या भागात संशयित वकीलसाहेब रात्री नऊपर्यंत सराफ्यात चारचौघांत बसलेले दिसतात. अंधार पडून गेला तरी माणूसच, म्हणून पोलीस त्यांना सोडतात. त्याच पानावर इन्स्पेक्टरची आई उपाशी बसली आहे, संकष्टीचा चंद्रोदय साडेनऊचा म्हणून. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो, हे ज्या घरात संकष्टी पाळतात त्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे नऊला चंद्र उगवलाच नव्हता, तोवर माणूस दिसणं हा बचाव होत नाही. तिसऱ्या भागातल्या पूजेत गुरुजी चांदीच्या पळीने तीर्थ देतात आणि वकीलसाहेब पुढे केलेला हात मागे घेतात. एका ओळीत आहे, पण आहे.

राहिलं इंदूर. दिवसा चांदीची दुकानं आणि रात्री उशिरापर्यंत खाणाऱ्यांची गर्दी, असा सराफा जिथे आहे तिथे या कथेला साक्षीदारही मिळतात आणि चांदीही. आणि लांडगा विलायती कसा? आपल्याच मध्य प्रदेशातलं नौरादेहीचं जंगल लांडग्यांसाठी ओळखलं जातं.

तिसरा आणि पाचवा भाग पुन्हा वाचा, काका. इन्स्पेक्टरला कळला आणि तुमच्यापासून लपवला, असा एक जरी सुगावा सापडला तर इथेच खाली लिहा. त्यावर मी सविस्तर उत्तर देईन.