हुरड्याचं बोलावणं

फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरुद्धच्या कायद्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हापासून गावाकडचे वाद मी इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये रात्री बसून ऐकतो. आमिष, फसवणूक, पैसा. स्वतःच्या मनाने येशूकडे गेलेल्याचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही.

मी जालना जिल्ह्यातला. तेव्हाच्या औरंगाबादेत शिकताना बाप्तिस्मा घेतला. आम्ही चौघे एका खोलीत राहायचो. भांडण झालं नाही. डबे एकत्र उघडायचे थांबले, एवढंच. "कितीला गेलास?" असं एकाने विचारलं, ते अजून कानात आहे. त्या जानेवारीत त्याच्या शेतावर हुरडा झाला. आगटीभोवती बसलेल्या तिघांचा फोटो मी भलत्याच्याच मोबाइलवर पाहिला.

2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. जातपंचायतीने वाळीत टाकलं तर दाद मागता येते. मित्राने हुरड्याला बोलावलं नाही, याची दाद कुठे मागणार? आणि मागूही नये.

जालन्याजवळ बेथेल आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी वसवलेलं. लहानपणी हे नाव कितीदा ऐकलं, पण त्यांना वेगळं गाव का लागलं असेल, हे माझी खोली रिकामी झाल्यावर कळलं.

इथे चर्चचा सभासद म्हणून माझ्या पगारातून प्राप्तिकराच्या आठ टक्के चर्च-कर कापला जातो. माझ्या एका सहकाऱ्याने नोंदणी कार्यालयात जाऊन चर्च सोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे शेजारी बसून जेवलो. इकडची माणसं मोठ्या मनाची, असं मात्र मी म्हणणार नाही. हिजाब घालणाऱ्या एका ओळखीच्या बाईंचं भाड्याचं घर शोधण्यात वर्ष गेलं. माझ्या सहकाऱ्यांना धर्माचं फारसं काही पडलेलं नाही, म्हणून त्यांना सोपं जातं. माझ्या मित्रांना पडलेलं होतं. हे मला समजतं, तरी दुखतंच.

दोन वर्षांपूर्वी रात्री अण्णांच्या छातीत दुखू लागलं. "कितीला गेलास?" विचारणाऱ्यानेच गाडी काढून त्यांना जालन्याला नेलं, सकाळपर्यंत दवाखान्यात बसला. आईने सांगितल्यावर मी त्याला फोन केला. त्याने उचलला नाही.

यंदा जानेवारीत गावी जातोय. तो तेव्हा शेतावर असतो का, एवढं आईला विचारून ठेवलंय.