बळीला ‘गाडलं’ म्हणणाऱ्या काकांना

दिवाळी जवळ आली की आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. यंदा तो काकांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा : असुर म्हणजे दुष्ट, शब्दातच ते आलं. माजलेल्या बळीला वामनाने पाताळात गाडलं, त्या विजयाचा दिवस म्हणजे पाडवा. देव धर्माने लढले, असुर कपटाने. असुरांचा कळवळा हे अलीकडच्या पुरोगाम्यांचं खूळ, आणि ज्यांना तो येतो त्यांनी खुशाल रावणाची आरती करावी.

काकांशी फोनवर वाद घालायची आमच्याकडे कुणाची छाती नाही, म्हणून लिहितो. आधार मुद्दामच जुन्या ग्रंथांचा घेतलाय.

आधी शब्द. ऋग्वेदात ‘असुर’ ही मुळात शिवी नव्हती. वरुणाला असुर म्हटलंय, सोन्याच्या हातांच्या सवित्याला, म्हणजे सूर्यदेवाला, म्हटलंय. तिसऱ्या मंडलातल्या ५५व्या सूक्ताचं तर पालुपदच ‘महद्देवानामसुरत्वमेकम्’ आहे, म्हणजे देवांचं ते थोर असुरत्व एकच. शब्दाला वाईट दिवस आले ते नंतर. बृहदारण्यक उपनिषद म्हणतं, देव आणि असुर दोघेही प्रजापतीची लेकरं. देव धाकटे, असुर थोरले. म्हणजे हेही भावकीचंच भांडण. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात आणखी एक गंमत आहे : समुद्रातून वारुणी, म्हणजे मद्याची देवी, निघाली, तिला ज्यांनी स्वीकारलं ते सुर, ज्यांनी नाकारलं ते असुर. व्युत्पत्ती म्हणून तिच्यावर विसंबू नये, पण काका, तुम्ही आयुष्यात थेंबाला शिवला नाहीत. तेव्हा कुठल्या पंगतीत बसता ते बघा.

आता बळी. भागवताचा आठवा स्कंध उघडा. नर्मदेच्या उत्तर तीरावर भृगुकच्छात, म्हणजे आजच्या भडोचला, बळीचा अश्वमेध चाललाय. बटूच्या रूपात वामन येतो, तीन पावलं जमीन मागतो. बळीला हसू येतं : एवढंसंच मागितलंस? गर्व म्हणायचा तर तेवढाच, आणि स्वर्ग त्याने लढून घेतला होता हेही खरं. पण असुरांचे गुरू शुक्राचार्य ओळखतात, हा विष्णू आहे, सर्वस्व घेऊन जाईल. ते शिष्याला मोडता घालतात, जिवावर बेतलं तर खोटं बोलणं चालतं असं शास्त्रही काढून दाखवतात. बळी म्हणतो, मी प्रल्हादाचा नातू, देतो म्हणालो ते देणार. गुरू शाप देतात तरी तो हलत नाही. दोन पावलांत सगळं जातं, वरुणाच्या पाशात बांधला जातो, आणि तिसऱ्या पावलासाठी तो स्वतःचं मस्तक पुढे करतो.

माजलेला माणूस इथे कुठे दिसतो? विष्णूलाही दिसला नाही. तो म्हणतो, गुरूने झिडकारलं, शापलं, तरी याने सत्य सोडलं नाही. मग देतो काय? सुतळ. काका, सुतळ आणि पाताळ एक नव्हे. सात अधोलोकांत सुतळ तिसरं, पाताळ सातवं. आणि या लोकांत स्वर्गापेक्षा जास्त सुख आहे असं भागवतच पाचव्या स्कंधात सांगतं. वर सावर्णी मन्वंतरात, म्हणजे पुढच्या एका मनूच्या काळात, इंद्रपद द्यायचं वचन. आणि सर्वांत मोठी गोष्ट, विष्णू स्वतः हातात गदा घेऊन बळीच्या दाराशी पहाऱ्याला उभा राहतो. गाडलेल्याच्या दारात देव राखण करत नाही.

देव धर्माने लढले, या मुद्द्यावर समुद्रमंथन काढतच नाही. दोर दोघांनी ओढला, अमृत कुणी प्यालं, हे पोराटोरांना माहीत आहे. वृत्र या असुराचं मात्र सांगतो. भागवतात लढता लढता इंद्राच्या हातून वज्र गळून पडतं. शरमेने तो ते उचलत नाही. वृत्र म्हणतो, उचल, शत्रूला मार, ही खंत करायची वेळ नाही. त्याच रणांगणावर तो देवाला आळवतो : पंख न फुटलेली पिल्लं आईची वाट बघतात तसं माझं मन तुझी वाट बघतंय. असलं मागणं इंद्राच्या तोंडी मला तरी कुठे सापडलं नाही. वृत्राला मारून इंद्राला मिळालं काय, तर ब्रह्महत्येचं पातक. आणि भागवत ऐकणाऱ्या परीक्षित राजालाही तुमच्यासारखाच प्रश्न पडला होता, की असुराच्या ठायी एवढी भक्ती आली कुठून? ते सांगणाऱ्या शुकाने त्याला गप्प बसवलं नाही, वृत्र पूर्वजन्मी जो चित्रकेतू राजा होता त्याची लांबलचक कथा सांगितली.

हे अलीकडचं खूळ? जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त बळीला रयतेचा राजा म्हणून उभं केलं, वामनाला उपरा म्हणून. तो त्यांचा वेगळा, भांडणारा अर्थ. तो बाजूला ठेवू. पण आपल्या पाडव्याची जुनी पूजाच घ्या. पाच रंगांनी बळी आणि त्याची राणी विंध्यावली काढायची आणि म्हणायचं : ‘बलिराज नमस्तुभ्यं विरोचनसुत प्रभो। भविष्येन्द्र सुराराते पूजेयं प्रतिगृह्यताम्।’ सुराराती म्हणजे देवांचा शत्रू. हे देवांच्या शत्रो, ही पूजा स्वीकार! हा मंत्र कुठल्या पुरोगाम्याने रचला? ओवाळताना बायका ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. ‘वामनाचं राज्य येवो’ असं म्हणणारी बाई मी अजून पाहिली नाही. केरळात ओणम बळीच्या घरी येण्याचा, आणि त्याच सणात थ्रिक्काकराच्या देवळात वामनाचा उत्सव. त्यांना दोन्ही चालतात.

आपल्याकडे जेजुरीला खंडोबाने मारलेला मणी असुर बघा. शरण आला, आपला पांढरा घोडा देवाला दिला, देवापाशी जागा मागितली. ती मिळाली आणि आजही भाविक त्याला नमस्कार करून पुढे जातात. त्याचा भाऊ मल्ल तर देवाच्या नावातच जाऊन बसला : मल्हारी. कोल्हापूरला विचाराल तर कोल्हासुराने मरताना क्षेत्राला आपलं नाव मागून घेतलं अशी कथा सांगतात. मारायचं आणि नावही राखायचं, ही आपल्याकडची रीत.

राहिली रावणाची आरती. ती मी करणार नाही, बळीकडे बघून तर नाहीच. भागवत सांगतं की दिग्विजयाला निघालेला रावण सुतळात शिरू पाहत होता, तेव्हा दारावरच्या विष्णूने त्याला पायाच्या अंगठ्याने हजारो योजनं लांब उडवलं. दसऱ्याला ‘मला रावणासारखा भाऊ हवा’ असा मेसेज आमच्या धाकट्या चुलतबहिणीने टाकला होता, तिलाही हेच सांगणं आहे. लंकेत सीतेवर त्याने जबरदस्ती केली नाही ते सभ्यतेपोटी नव्हे. बळजबरी केलीस तर मस्तकाची शकलं होतील, असा शाप होता. युद्धकांडात तो स्वतःच हे सांगतो. आणि शूर्पणखा विधवा झाली होती ती भावाच्याच हातून. तिचा नवरा विद्युज्जिव्ह कुणी मारला, ते उत्तरकांडात आहे.