शीड, सुकाणू आणि कुरडया

ज्या गावात नळाला पाणी आलं की गल्लीत आरोळी उठते, त्या गावातली माझी भाची इंग्लंडात शिकायला गेली आणि विद्यापीठाच्या शिडाच्या बोटींच्या क्लबात शिरली. सोलापूरची पोरगी परदेशी जाऊन काय काय करेल याचे आम्ही अंदाज बांधले होते, अगदी शेंगाचटणीचं दुकान टाकेल इथपर्यंत. पण वाऱ्यावर बोट हाकेल? तळी आम्हाला नवी नाहीत, सिद्धेश्वराचं देऊळच तळ्यात आहे. मात्र तळ्याला आपण हात जोडतो, त्यात शर्यती लावत नाही.

ईस्टरच्या सुटीत, म्हणजे ऐन एप्रिलात, ती घरी आली. स्पर्धा तोंडावर, सराव मोडायला नको, म्हणून तिने आमच्या गच्चीवर बोट मांडली. बाज म्हणजे बोट, खराट्याचा दांडा म्हणजे टिलर, सुकाणू फिरवायचा दांडा. कपडे वाळत घालायचा बांबू म्हणजे बूम, शिडाच्या खालची आडवी काठी. शीड म्हणून अर्थातच सोलापुरी चादर, भौगोलिक मानांकनासकट. ही चादर फुगवायला वारा नव्हे, वादळ लागतं. आणि मी क्रू, म्हणजे सुकाणूवालीचा मदतनीस.

तिची तिकडची बोट फायरफ्लाय जातीची, 12 फुटी, दोघांनी चालवायची. 1948च्या ऑलिंपिकमध्ये याच बोटीची एकेकट्याने चालवायची शर्यत होती म्हणे. क्रूची गरजच नव्हती हे ऐकून त्या काळाविषयी मला फार आपुलकी वाटली.

कारण क्रूचं मुख्य काम म्हणजे वजन असणं. ते माझ्याकडे आहे. वारा बोटीला एका अंगावर पाडू बघतो, तेव्हा क्रूने पट्ट्यात पाय अडकवून दुसऱ्या अंगाला पाण्यावर झोकून द्यायचं. मी बाजेच्या सुतळीत पावलं खुपसली आणि मागे रेललो. घोट्यांवर सुतळीचे वळ, पोटात गोळा, मानेला रग आणि डोळ्यांपुढे दुपारचं पांढरं आभाळ. शेजारच्या गच्चीवरून अण्णांनी विचारलं, “काय ओ, पाठ धरली का?”

वाऱ्याच्या तोंडावर बोट सरळ जात नाही. साधारण 45 अंशांत तिरकी घ्यायची, मग वळवून दुसरीकडे तिरकी, असं नागमोडी चढायचं. प्रत्येक वळणाला भाची “टॅक!” म्हणून ओरडणार, बांबू डोक्यावरून फिरणार, आणि मी वाकून पलीकडच्या काठावर जाणार. “मामा, आधी वाक, मग कारण विचार!” हे तिने मला सांगितलं, पण टेंगूळ आल्यावर.

वळसा घालायच्या खुणा म्हणून तिने बायकोच्या कुरडयांची वाळवणं धरली. खुणेला बोट लागली की स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायची, असा नियम आहे. बाज फिरत नसल्याने ती गिरकी मीच घेतली आणि दुसऱ्या कुरडईवर पाय दिला. त्याची शिक्षा कुठल्याही नियमपुस्तकात नाही. ती जिन्यातून वर आली.

बोटींचे वाटेचे नियम मात्र मला मनापासून पटले. वारा ज्याच्या उजव्या अंगाने येतो त्याचा हक्क आधी. डाव्या अंगाने वारा घेणाऱ्याने बाजूला व्हायचं. हक्कवाल्याने नुसतं “स्टारबोर्ड!”, म्हणजे उजवी बाजू, असं ओरडायचं. सात रस्त्यावर एक रिक्षा अंगावर आली तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं. रिक्षावाला थांबला. “स्टारबोर्ड? ते जुळे सोलापूरला असंल की. बसा.”

खरी मजा टीम रेसिंगची. इंग्लंडातली विद्यापीठं मुख्यतः तीच खेळतात. तीन बोटींविरुद्ध तीन बोटी. पहिल्याला 1 गुण, शेवटच्याला 6. तिघांची बेरीज दहा किंवा त्याहून कमी झाली तर संघ जिंकला. म्हणजे तुमची एक बोट पहिली आली आणि बाकी दोघी पाचवी-सहावी, तर बेरीज बारा आणि हार. त्यामुळे पुढे असलेली बोट मुद्दाम मागे येते, प्रतिपक्षाच्या एकीला गाठते, तिचा वारा आपल्या शिडाने अडवते आणि आपल्या माणसाला पुढे काढून देते. मी थक्क झालो. ही तर आमची भावकी! आपलं पीक येवो न येवो, चुलतभावाच्या शेताचा पाट तेवढा अडला पाहिजे. एवढं पिढीजात कौशल्य आणि आम्ही ते कोर्टात घालवलं.

भाची परत गेली. एका रविवारी रात्री तिचा फोन आला : बोटी दुसरी, तिसरी आणि पाचवी, सामना जिंकला! मी बायकोला हाक मारून सांगितलं.

“आपली कितवी?”

“पाचवी. पण प्रतिपक्षाची एक बोट तिने शेवटपर्यंत मागे रोखून धरली!”

“पाचवी? बारावीपर्यंत पहिली यायची की.”

“अगं, दहा झाले ना!”

“दहापैकी पाच,” ती डब्यात कुरडया भरत म्हणाली, “म्हणजे पास तरी झाली.”